विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय: सोलापूरच्या जमिनीत तपास कसा करायचा

"साहेब, पाण्याला गाडीच्या टाकीसारखा वास मारतोय." असा फोन आला की नव्या माणसाचा हात आधी बाटलीकडे जातो. नमुना भरायचा, प्रयोगशाळेत द्यायचा, अहवाल आला की सांगून मोकळं व्हायचं. मीही तेच केलं होतं. भूशास्त्राची पदवी हातात पडून दोनच महिने झाले होते. हायवेलगतच्या एका वस्तीवर गेलो, पोहऱ्यानं पाणी काढलं, पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत पाऊण भरलं, मोटरसायकलच्या डिकीत टाकलं आणि मेच्या उन्हात चाळीस किलोमीटर घेऊन आलो. तपासणी सांगितली एकच, 'तेल व ग्रीस'. अहवाल आला: आढळले नाही. तो कागद दाखवायला परत गेलो तेव्हा त्या घरातल्या आजींनी तांब्याभर पाणी माझ्या नाकापुढं धरलं. म्हणाल्या, "कागद राहू दे बाळा. तू एवढं पी."

त्या एका नमुन्यात काय काय चुकलं होतं ते पुढं ओघात येईल. भूशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा सिव्हिल शिकून या कामात नव्यानं पडणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी जीव, मग नमुना

जुन्या आडात उतरण्याआधी आत हवा आहे का हे पाहायला दोरीनं पेटता कंदील सोडायची आपल्याकडे रीत आहे. दिवा विझला तर उतरायचं नाही. रीत शहाणपणाची आहे, पण पेट्रोलचा संशय असलेल्या विहिरीत हाच कंदील स्फोट घडवतो. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे दीड टक्का झाली तरी ठिणगी पुरते. ही वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते, त्यामुळं वर वारा सुटलेला असला तरी विहिरीच्या तळाशी ती साचून राहते.

म्हणून गेल्या गेल्या सांगायचं: "काका, मोटर चालू करू नका, विहिरीवर विडी नको, कोणी आत उतरायचं नाही." मोटरचा स्टार्टर विहिरीच्या काठावरच्या पेटीत असतो आणि तो ठिणगी टाकतोच. विहिरीवर झाकण किंवा पत्रा असेल तर आणखी सावध राहा. वाफ मोजायचं यंत्र जवळ नसेल आणि वास डोकं चढेल इतका असेल, तर अग्निशमन दलाला बोलवायचं. त्या दिवशी नमुना नाही मिळाला तरी चालतो. घरच्यांना पिणं, स्वयंपाक, आंघोळ आणि जनावरांचं पाणी सगळंच बंद करायला सांगा. आंघोळीचं पाणी तापवलं की पेट्रोलमधलं विषारी बेन्झिन वाफ होऊन न्हाणीघरात भरतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. "आम्ही पीत नाही, फक्त अंघोळीला वापरतो" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतोय म्हणून फोन आला असेल आणि वास नसेल, तर आधी काडीची परीक्षा करा. लोहजीवाणूंचा तवंग काडीनं ढोसला की काचेसारखा तुकड्या-तुकड्यांत फुटतो आणि तसाच राहतो. तेलाचा तवंग फाटतो आणि पुन्हा मिळून येतो. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

आपली जमीन पुस्तकातल्यासारखी नाही

या विषयावरची बहुतेक पुस्तकं वाळूच्या प्रदेशात लिहिली गेलीत. त्यात चित्र असं असतं: टाकी गळते, तेल सरळ खाली झिरपतं, भूजलाच्या पातळीवर भाकरीसारखं पसरतं, आणि विरघळलेला भाग उताराच्या दिशेनं वाहत जातो. हे चित्र डोक्यात ठेवून सोलापुरात बोअर मारले तर पैसे वाया जातात.

इथं वरून खाली साधारण असं लागतं: काळी माती, तिच्या बुडाशी चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग कच्चा दगड, मग पक्का काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर बसले, तो हा दख्खनचा बेसाल्ट. दोन थरांच्या सांध्यात कुठं कुठं गेरूसारखा तांबडा पट्टा सापडतो. या दगडात पाणी सगळीकडं सारखं भरलेलं नसतं. ते भेगांत, सांध्यांत, सच्छिद्र थरात आणि वरच्या कुजलेल्या मुरमात असतं. तेलही तिथंच जातं.

काळ्या मातीची गंमत ज्वारीवाल्या शेतकऱ्याला विचारा. उन्हाळ्यात ती अशी भेगाळते की हात कोपरापर्यंत आत जातो. त्या दिवसांत सांडलेलं डिझेल मातीतून झिरपत नाही, भेगेतून थेट मुरमात उतरतं. दोन-चार चांगले पाऊस झाले की तीच माती फुगून भेगा मिटवते, आणि मग सांडलेलं तेल खाली न जाता वरून वाहत ओढ्याला लागतं. त्यामुळं "किती सांडलं?" याच्या आधी "कोणत्या महिन्यात सांडलं?" हे विचारा. भेगेच्या शेजारून एक वीत सरकून घेतलेला मातीचा नमुना अगदी स्वच्छ येऊ शकतो. काळ्या मातीतले एक-दोन नमुने स्वच्छ आले म्हणून खालचा मुरूम स्वच्छ समजू नका.

दुसरी गोष्ट टाकीच्या खड्ड्याची. जमिनीखालची टाकी बसवायला मुरूम आणि दगड फोडून खड्डा करतात आणि टाकीभोवती वाळू भरतात. म्हणजे घट्ट दगडात वाळूनं भरलेला हौदच तयार होतो. पावसाचं पाणी त्यात साचतं, गळती असेल तर तेलही साचतं, आणि हौद भरला की ते ज्या बाजूला दगडाचा सांधा मोकळा असेल तिथून बाहेर पडतं. मग वीस पावलांवरची विहीर कोरी आणि दोनशे मीटरवरची वास मारणारी, असं होतं. ड्रेनेजच्या आणि केबलच्या चरांचंही तसंच. चर पोकळ भरावाचा असतो, तेलाला तो आयता रस्ता मिळतो.

पेट्रोलचं एक लिटर साधारण ७२० ते ७७५ ग्रॅम भरतं, डिझेलचं ८१० ते ८४५. दोन्ही पाण्यावर तरंगतात. सोलापुरात विहिरीची पातळी पावसाळ्याअखेर आणि मेमध्ये कित्येक मीटरनी वर-खाली होते, आणि तरंगणारं तेल तिच्यासोबत खाली-वर करत मधल्या सगळ्या मुरमाला माखून ठेवतं. ऑक्टोबरात पाणी चढलं की ते माखलेलं तेल पाण्याखाली अडकतं; विहिरीत तवंग दिसत नाही आणि लोक म्हणतात, "गेलं वाटतं." मेमध्ये पातळी उतरली की ते पुन्हा सुटून विहिरीत येतं. असे फोन मेमध्ये आणि पहिल्या पावसांनंतर जास्त येतात, त्याचं कारण हेच.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं थोडंफार आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून गेलेलं. इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं आणि जमिनीतले जीवाणू ते आधी खातात. ते खाताना भूजलातला प्राणवायू संपवतात, आणि मग बेन्झिन खायला प्राणवायू उरत नाही. त्यामुळं बेन्झिन जास्त लांब जातं. जुन्या गळतीचे ठोकताळे नव्या पेट्रोलला लावताना हे ध्यानात असू द्या.

धोका किती, याचा एक कागदी हिशेब. सध्याच्या पेट्रोलमध्ये बेन्झिन जास्तीत जास्त एक टक्का चालतं. म्हणजे लिटरमागं दहा मिलिलिटर, वजनात नऊ ग्रॅमच्या जवळपास. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली बेन्झिनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. भागाकार केला तर एक लिटर पेट्रोलमधलं बेन्झिन पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेला आणून ठेवतं. दहा हजार लिटरचे सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टँकर. टँकरचा भाव सोलापूरकराला सांगायला नको.

कागद आणि म्हातारी माणसं

खोदण्याआधी दोन-तीन दिवस नुसतं विचारत फिरा. पुणे–हैदराबाद रस्त्यावरचे पंप, पाकणीकडचे डेपो हे सगळ्यांना दिसतात आणि बोट आधी तिकडंच जातं. न दिसणाऱ्या जागा जास्त सतावतात: बंद पडलेल्या ट्रान्सपोर्टच्या आवारातली स्वतःची टाकी, भारनियमनाच्या काळात टॉवेल-चादरींच्या कारखान्यांनी घेतलेल्या जनरेटरचं डिझेल, गॅरेजमागचा वापरलेल्या ऑइलचा खड्डा, जुना रॉकेल डेपो, कधी तरी उलटलेला टँकर.

पंपावर गेलात तर साठ्याची नोंदवही मागा. टाकीत किती आलं, किती विकलं, डिपस्टिकवर किती उरलं, याचा रोजचा मेळ असतो. एखाद्या दिवशीची घट काही सांगत नाही, कारण उन्हानं इंधन प्रसरण पावतं आणि वाफही होते. पण महिनोन्महिने एकाच टाकीत एकाच दिशेनं तूट येत असेल, किंवा पावसानंतर टाकीच्या बुडाशी वारंवार पाणी निघत असेल, तर लक्ष द्या. टाकीला भोक असेल तर तेल बाहेर जातं तसं भूजल चढल्यावर पाणी आत येतं.

नोंदवहीपेक्षा कामाचा माणूस म्हणजे पंधरा-वीस वर्षं तिथं काम केलेला कामगार. जुनी टाकी कुठं पुरली, कुठल्या पाइपाची जोडणी दोनदा उकरली, हे त्याच्या डोक्यात असतं. त्याला साहेबासमोर विचारू नका. चहाच्या टपरीवर विचारा.

विहिरींची शिरगणती आणि पाण्याची दिशा

सगळ्या बाजूंनी निदान अर्ध्या किलोमीटरपर्यंतच्या विहिरी, आड, बोअर, हातपंप नकाशावर घ्या. प्रत्येकाची खोली, केसिंग किती फुटांपर्यंत, पाणी कितीवर, मोटर केव्हा चालते, पाणी कशासाठी वापरतात. खोली लोक परसात सांगतील, फुटात सांगतील, पाणी 'दोन इंची' आहे म्हणतील. जसं सांगतील तसं लिहून घ्या आणि मग टेपनं स्वतः मोजा.

उघडी विहीर आणि दोन-तीनशे फुटांचा बोअर यांचं पाणी एक समजू नका. विहीर वरच्या मुरमातलं पाणी दाखवते, बोअर खालच्या भेगेतलं. दोन्हींच्या पातळ्या एकाच नकाशात मिसळल्या की दिशा भलतीच निघते.

दिशेसाठी एकाच थरातल्या किमान तीन विहिरी लागतात, आणि त्या एका रेषेत नसाव्यात. तिन्हींच्या कठड्यांची उंची डम्पी लेव्हलनं एकाच खुणेवरून बांधून घ्या. मोबाईलच्या जीपीएसची उंची इथं कुचकामी आहे. तिची चूक काही मीटरची असते आणि तुम्ही शोधत असता तो फरक अर्ध्या-एक मीटरचा. कठड्याच्या उंचीतून पाण्याची खोली वजा केली की पाण्याची पातळी मिळते. सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या पातळीच्या विहिरींना जोडणाऱ्या रेषेवर मधल्या पातळीच्या विहिरीइतकी पातळी कुठं येते तो बिंदू काढा, तो मधल्या विहिरीला जोडा. त्या रेषेला काटकोनात, उताराकडं पाणी वाहतं. मोजमाप पहाटे, मोटरी सुरू व्हायच्या आत करा. शेजारच्या उसाला रात्री लाइट येत असेल तर त्या मालकाला एक रात्र मोटर बंद ठेवायची विनंती करा, नाहीतर तुम्ही त्याच्या मोटरची दिशा मोजाल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. परिसरातल्या अशा विहिरीच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर पातळी किती खाली-वर होते याचा अंदाज फुकटात येतो.

आजींच्या वस्तीवर सगळं गाव रस्त्यापलीकडच्या पंपाकडं बोट दाखवत होतं. पातळ्या बांधल्यावर निघालं की पंप उताराच्या खालच्या बाजूला आहे. वरच्या बाजूला होतं बंद पडलेलं एक ट्रकचं आवार, आणि त्यात बाभळीखाली पुरलेली टाकी. पंपमालकानं नंतर मला भेटून पेढे दिले, ते मी घेतले नाहीत. भेगांच्या दगडात एका दिशेच्या रेषेवर कोणाला निर्दोष ठरवता येत नाही, आणि त्याच्या आवारात मला अजून दोन खड्डे घ्यायचे होते.

खड्डे आणि बोअर

कुठंही कुदळ मारण्याआधी महावितरणची केबल, पाण्याची लाइन, ड्रेनेज आणि पंपाचे स्वतःचे पाइप कुठून जातात ते विचारून चुन्यानं आखून घ्या. पहिले चार फूट हातानंच खोदा. पंपाच्या आवारात जेसीबी लावायची घाई करू नका.

उथळ मातीसाठी हाताचा ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, पुरतो. मुरूम लागला की तो अडतो, आणि इथं सगळे एकच चूक करतात: बोअरची गाडी बोलावतात. डीटीएच गाडी (भोकाच्या तळाशी हवेवर हॅमर चालवणारी) जोरदार दाबाच्या हवेनं दगडाचा चुरा वर फेकते. त्या हवेबरोबर पेट्रोलचे हलके घटक उडून जातात. उलट हॅमरला आणि कॉम्प्रेसरला लागणारं वंगण चुऱ्यात मिसळतं. म्हणजे होतं ते तेल गेलं आणि नव्हतं ते आलं. माझ्या एका कामात स्वच्छ जागेवरच्या बोअरमध्ये डिझेलसारखे घटक निघाले, तेव्हा चार दिवस डोकं खाजवलं. शेवटी ते हॅमरचं ऑइल होतं. मातीचा आणि मुरमाचा नमुना पाहिजे असेल तर कॅलिक्स किंवा डायमंड कोअर ड्रिलिंग, म्हणजे अखंड गाभा कापून काढणारं ड्रिलिंग, घ्या, धुण्याचं पाणी स्वच्छ वापरा आणि त्या पाण्याचाही एक नमुना ठेवा. डीटीएचशिवाय गत्यंतरच नसेल तर हॅमरला खाद्यतेल वापरायला लावा आणि त्या बोअरच्या चुऱ्यावर मातीचे निष्कर्ष काढू नका. गाडीवाला कुरकुरेल, करारात आधीच लिहून घ्या.

प्रत्येक दोन-तीन फुटांवर मातीचा थोडा भाग झिपच्या पिशवीत अर्ध्यापर्यंत भरून, बंद करून, सावलीत दहा मिनिटं ठेवा आणि पीआयडी या वाफ मोजायच्या यंत्राची नळी आत घालून आकडा बघा. हा आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्याला पर्याय नाही, फक्त कुठला नमुना पाठवायचा हे ठरवायला आहे. सगळ्या पिशव्या सारखा वेळ आणि सारख्या सावलीत ठेवा. सोलापूरच्या उन्हात गाडीच्या बॉनेटवर ठेवलेली पिशवी दुप्पट आकडा दाखवते. डिझेल जुनं असेल तर पीआयडी फारसं बोलत नाही. तिथं रंग, वास आणि पाण्यात ढवळल्यावर सुटणारा तवंग बघा.

निवडलेला नमुना घेताना माती चाळायची, मळायची, एकत्र करायची नाही. बांधकामाच्या मातीपरीक्षणात शिकलेली ती सवय इथं मारक ठरते, कारण हातात फिरताच पेट्रोल उडतं. पाच ग्रॅमच्या आसपास माती लगेच प्रयोगशाळेनं दिलेल्या मिथेनॉलच्या कुपीत टाका. बाकी घटकांसाठी काचेची रुंद तोंडाची बरणी काठोकाठ दाबून भरा.

निरीक्षण बोअर

"साहेब, शेजारी आमचा बोअर आहेच की, त्यातलंच पाणी घ्या." हे ऐकून खर्च वाचवू नका. शेतातल्या बोअरला पक्का दगड लागेपर्यंत केसिंग असतं आणि खाली उघडं भोक. केसिंग नेमकं वरच्या मुरमाला बंद करतं, आणि तेल बहुधा तिथंच तरंगत असतं. शिवाय सबमर्सिबल मोटर खोलवरचं पाणी ओढते. अशा बोअरचं पाणी स्वच्छ आलं तर फक्त खालची भेग स्वच्छ आहे एवढंच कळतं. खराब आलं तर मात्र प्रकरण गंभीर आहे.

निरीक्षण बोअरमध्ये दोन इंची पीव्हीसी पाइप टाकतात. त्याचा चिरा पाडलेला भाग पाण्याच्या पातळीच्या वरही हवा आणि खालीही. चिरा पूर्ण पाण्याखाली गेल्या तर तरंगणारं तेल आत येणारच नाही. त्यासाठी मेची आणि ऑक्टोबरची पातळी धरून चिऱ्यांची लांबी ठरवा. पाइप चुडीनं, म्हणजे आट्यांनी, जोडा, चिकटवायचं सोल्युशन लावू नका. त्यातले द्रावक महिनोन्महिने पाण्यात उतरतात आणि प्रयोगशाळेच्या आलेखावर दिसतात. पाइपाभोवती धुतलेली जाडी रेती, तिच्यावर बेंटोनाइट (पाण्यानं फुगणारी चिकणमाती), वर सिमेंट. पावसाचं पाणी पाइपाशेजारून खाली गेलं तर बोअर बाद. खालचा थर तपासायचा असेल तर त्यासाठी वेगळा बोअर घ्या. एकाच भोकानं वरचं तेल खालच्या भेगेला नेऊन दिलं तर प्रदूषण तुम्हीच वाढवलं.

बोअर झाल्यावर गढूळपणा जाईपर्यंत पाणी उपसा आणि आठवडाभर त्याला स्वस्थ सोडा.

तरंगणारं तेल मोजायला इंटरफेस प्रोब मिळतो. नसेल तर पंपावर वापरतात ती पाणी ओळखायची पेस्ट टेपच्या एका बाजूला आणि इंधन ओळखायची पेस्ट दुसऱ्या बाजूला लावा. समजा तेल ६.२० मीटरवर लागलं आणि पाणी ६.६० वर. जाडी ०.४० मीटर. पण तेलाच्या वजनानं पाणी खाली दाबलंय. जाडीला घनतेनं गुणा, पेट्रोलसाठी ०.७४ धरू: ०.२९६. म्हणजे तेल नसतं तर पाणी ६.३० मीटरवर असतं. दिशेच्या गणितात हा आकडा घ्यायचा. पाइपातली चाळीस सेंटिमीटर जाडी म्हणजे जमिनीतही तेवढाच थर, असं मात्र नाही. पाइपात ती बहुतेक वेळा फुगून दिसते. त्या जाडीला क्षेत्रफळानं गुणून "इतके हजार लिटर गळलं" असा आकडा वर्तमानपत्राला देऊ नका.

पाण्याचा नमुना

ज्या बोअरमध्ये तेल तरंगतंय त्यातलं पाणी विरघळलेल्या घटकांसाठी पाठवू नका. तिथं तेलाचा नमुना घ्या, ते पेट्रोल आहे की डिझेल, ताजं की जुनं, हे त्यावरून कळतं.

बाकीच्या बोअरमधून साचलेलं पाणी आधी काढा. दोन इंची पाइपात मीटरला सुमारे दोन लिटर पाणी असतं. चार मीटर पाणी असेल तर आठ लिटर, त्याच्या तिप्पट म्हणजे चोवीस लिटर उपसायचं. अगदी हळू उपसणारा पंप असेल तर तापमान, सामू, विद्युतवाहकता आणि प्राणवायू स्थिर होईपर्यंत. उपसलेलं पाणी बांधावर ओतू नका, ड्रममध्ये साठवा. उघड्या विहिरीत वरचा थर आणि खोलवरचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या, आणि पोहरा आपटू नका. पाणी जितकं घुसळेल तितकं बेन्झिन उडेल.

हलक्या घटकांसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी असते. ती कडेनं हळूहळू, पाणी वर फुगून येईपर्यंत भरायची, झाकण लावायचं आणि उलटी करून टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर कुपी फेकून दुसरी. पुस्तक सांगतं की कुपीत आधी हायड्रोक्लोरिक आम्ल हवं, म्हणजे जीवाणू मरतात आणि नमुना १४ दिवस टिकतो. पण आपलं पाणी जड, बायकार्बोनेटनं भरलेलं. आम्ल पडलं की सोड्यासारखं फसफसतं आणि त्या बुडबुड्यांत नेमकं हवं ते उडून जातं. एका कुपीत करून बघा. फसफसलं तर आम्लाविना भरा आणि सात दिवसांच्या आत तपासायला लावा, शक्यतो दुसऱ्याच दिवशी पोहोचवा.

बर्फ आदल्या रात्री भरून ठेवा. प्रयोगशाळेनं भरून दिलेली शुद्ध पाण्याची एक कुपी न उघडता पूर्ण प्रवासात सोबत फिरवा. तिच्यात पेट्रोल निघालं तर ते तुमच्या डिकीतलं आहे. नमुने घेणाऱ्यानं त्या दिवशी गाडीत पेट्रोल भरू नये, भरलंच तर हातमोजे बदलावेत. माझ्या त्या पहिल्या बाटलीचा प्रवास आठवला की आजही लाज वाटते.

प्रयोगशाळेला काय सांगायचं

'तेल व ग्रीस' ही आपल्याकडची सर्रास तपासणी. साध्या पद्धतीत तेल द्रावकात ओढून, द्रावक उडवून, उरलेलं वजन करतात. द्रावक उडवताना पेट्रोल त्याच्यासोबत उडतं. म्हणून वास मारणाऱ्या पाण्याचा अहवाल 'आढळले नाही' असा येऊ शकतो. उलट बाजूनं, शेणखत, सरकीचं तेल, साबण, यंत्रमागाचं वंगण हे सगळं त्याच वजनात मोजलं जातं. पेट्रोलच्या संशयाला ही तपासणी दोन्हीकडून फसवते.

बेन्झिन, टोल्युइन, इथिलबेन्झिन, झायलीन हे चार आणि नॅफ्थलीन, हे गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे प्रत्येक घटक वेगळा करून मोजणाऱ्या यंत्रावर, मागा. शिवाय एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, पेट्रोलच्या आणि डिझेलच्या टप्प्यात वेगळे करून. वनस्पतिजन्य तेलाचा संशय असेल तर सिलिका जेलनं स्वच्छ करून मोजायला सांगा. प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे, एवढ्यावर थांबू नका. नेमक्या या घटकांसाठी आहे का ते मान्यतेच्या यादीत बघा. आणि त्यांची मोजण्याची किमान मर्यादा विचारा. बेन्झिनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि यंत्र ०.०५ पासून पुढं मोजत असेल, तर 'आढळले नाही' या शब्दांना काही किंमत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, खनिज तेलाला लिटरमागं ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि तिला सूट नाही. पण पेट्रोलच्या बाबतीत एवढं बघून भागत नाही. तेलाचा आकडा त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतानाच बेन्झिन घातक पातळीला पोहोचतं.

कळवायचं कोणाला

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सोलापुरात कार्यालय आहे, लेखी तक्रार तिथं. पंपाची आणि टाक्यांची सुरक्षितता पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेकडं येते, तिचं मुख्यालय नागपूरला. शेतकऱ्याच्या वतीनं तहसीलदारांनाही प्रत द्या, म्हणजे टँकरची सोय मागता येते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. त्यांत संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनानं मंडळाला द्यायची आणि मंडळानं प्राथमिक तपासणी करायची, तीही ९० दिवसांत, असा क्रम घातलेला आहे. अर्जात या नियमांचा उल्लेख केला की फाइल हलायला मदत होते. नवीन पंपाला वस्ती, शाळा, दवाखाना यांच्यापासून ५० मीटर अंतराची अट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जानेवारी २०२० मध्ये घातली. जुन्या पंपांना चिकटून विहिरी आणि घरं आहेतच.

अहवालात नकाशावर प्रत्येक विहिरीपाशी आकडा लिहा. संगणकाकडून रंगीत पट्टे काढून घेऊ नका. दोन विहिरींमधल्या न बघितलेल्या दगडात काय आहे ते संगणकाला ठाऊक नसतं, आणि पट्टा दिसला की न्यायालयात समोरचा वकील तोच धरून बसतो. मेमधली एक फेरी आणि पावसाळ्यानंतरची एक, अशा दोन झाल्याशिवाय 'स्वच्छ' हा शब्द वापरू नका.

आणि निरीक्षण बोअरला कुलूप लावा. एका वस्तीवर आमच्या बोअरमध्ये पोरांनी गोट्या आणि विटांचे तुकडे टाकून तो गच्च भरला होता, दुसरी फेरी तिथंच बुडाली. तेव्हापासून मी एक किल्ली घरातल्या आजीकडंच देतो. आजी पोरांना तिकडं फिरकू देत नाहीत, आणि वास बदलला तर फोनही आधी त्यांचाच येतो.